आधाराचे घर

अपघातात एखाद्या तरुणाच्या डोक्याला जबर मार लागतो. वरची जखम भरून येते. पण मेंदूची दुखापत लवकर बरी होत नाही. तो चालतो, बोलतो. पण गॅस बंद करायला विसरतो. औषधाची वेळ त्याच्या लक्षात राहत नाही. त्याला दवाखान्यात ठेवण्याची गरज नसते. पण एकटे राहणे धोक्याचे असते. आईवडील थकल्यावर त्याने कोठे राहावे?

अशा माणसांना आधाराचे घर हवे असते. तेथे माणूस स्वतःच्या खोलीत राहतो. स्वयंपाक, औषधे आणि पैशांचा हिशेब यांत मदतनीस त्याला साहाय्य करतात.

पण अशा घरासाठी पैसा कोठून आणायचा? अमेरिकेत १९९० साली परवडणाऱ्या घरांविषयी कायदा झाला. त्याच्या ८११ व्या कलमानुसार सरकार सेवाभावी संस्थांना बांधकामासाठी बिनव्याजी रक्कम देते. ते घर ४० वर्षे गरीब व अपंग व्यक्तींसाठीच ठेवले, तर ती रक्कम परत करावी लागत नाही. तेथे राहणारा साधारणपणे आपल्या उत्पन्नाच्या ३० टक्के भाडे देतो. घर चालवण्याचा उरलेला खर्च सरकार देते.

मदतनिसांच्या पगाराची सोय मात्र वेगळी करावी लागते. ती झाली नाही, तर घर उभे राहते. पण आधार मिळत नाही. घर एकदाच बांधायचे असते, मदत रोज द्यायची असते.

शब्दार्थ : जबर – मोठा, जोराचा. साहाय्य – मदत. परवडणारे – आपल्या ऐपतीतले. बिनव्याजी – ज्यावर व्याज नाही असे.