बाजारात नांगरलेलं जहाज

मुंबईत जहाज बघायचं तर कुठे जाल? भाऊच्या धक्क्यावर, नाहीतर गेटवेला. बरोबर! पण एक जहाज समुद्र सोडून चक्क भर बाजारात उभं आहे. महात्मा फुले मंडईतून, म्हणजे सगळ्यांच्या क्रॉफर्ड मार्केटमधून, झवेरी बाजाराकडे निघा. शेख मेमन स्ट्रीट लागेल. हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेऊन वाट काढणारे हमाल, मंगलदास मार्केटमधले कापडाचे तागे, कुठूनतरी येणारा अत्तराचा वास. या सगळ्या गजबजाटात मुंबईची जामा मशीद आहे. बाहेरून बघाल तर खाली ओळीने दुकानं. आत काही नवल असेल अशी शंकासुद्धा येत नाही.

पूर्वेच्या दाराने आत शिरलं की अंगण, आणि अंगणात पाणी! छोटंसं टाकं नव्हे हं, चांगला सुमारे दहा फूट खोल तलाव. त्याला दगडी पायऱ्या आहेत, पाण्यात मासे आहेत, कासवंही. पण खरी गंमत अशी, की मशीद या तलावाच्या शेजारी नाही, तलावावरच आहे. पाण्यातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर आल्या आहेत आणि त्यांनी इमारत तोलून धरली आहे.

अख्खी जागा सोडून पाण्यावर कशाला बांधायची मशीद? त्यामागे एक अट आहे. अडीचशे वर्षांपूर्वी इथे बाग आणि मोकळी जमीन होती. ती गोवा आणि कालिकतशी व्यापार करणाऱ्या एका व्यापाऱ्याची होती, असं सांगतात. मशिदीसाठी जागा द्यायला तो तयार झाला, पण म्हणाला, तलावाला हात लावायचा नाही! झालं. तलाव बुजवता येईना आणि मशीद तर हवीच. मग कारागिरांनी दोन्ही जमवलं. 1775 साली काम सुरू झालं, कमानी 1778 च्या सुमाराच्या मानतात. जमिनीच्या मालकीवरून भांडणं झाली, काम रखडलं आणि संपायला 1802 उजाडलं. मला विचाराल तर या इमारतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट ती अटच आहे.

आता कमानीकडे बघा. दगडाचा स्वभाव मोठा मजेशीर असतो. त्याला कितीही दाबा, तो कुरकुरत नाही. पण ताणलं की तडकलाच. दोन खांबांवर लांब दगडी तुळई आडवी टाकली आणि वर वजन दिलं, तर ती मधे किंचित वाकायला बघते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि खालच्याच बाजूला भेग पडते. कमानीत दगड असे रचतात की वरचं वजन एका दगडाकडून शेजारच्या दगडाकडे ढकललं जात खाली पायापर्यंत पोचतं. प्रत्येक दगड फक्त दाबला जातो. म्हणजे दगडाला जे छान जमतं तेवढंच काम त्याला द्यायचं! जितकं वजन जास्त, तितके दगड एकमेकांना घट्ट बिलगतात.

घरी करून बघा. दोन जाड पुस्तकं पोस्टकार्डाच्या लांबीपेक्षा थोड्या कमी अंतरावर ठेवा. त्यांवर एक पोस्टकार्ड आडवं टाका आणि मधोमध नाणी ठेवत जा. कार्ड लवकरच झोळीसारखं खाली येईल. आता तेच कार्ड कमानीसारखं वाकवून दोन पुस्तकांच्या मधे अडकवा आणि त्यावर दुसरं कार्ड आडवं ठेवा. नाणी मोजायला विसरू नका. पुस्तकं बाहेर सरकू लागली तर त्यांना धरून ठेवा, कारण कमान पायांना बाहेर ढकलते. म्हणूनच खऱ्या कमानीचे पाय भक्कम लागतात.

एक प्रश्न तुमच्यातल्या कोणीतरी विचारणारच. मुंबईच्या दोन्ही अंगांना समुद्र, मग या तलावात गोडं पाणी कुठून? तळाशी झरे आहेत. पावसाळ्यात मुंबईवर धो धो पाऊस पडतो, थोडं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या काळ्या खडकाच्या भेगांमध्ये साठतं. ते समुद्राच्या पाण्यात मिसळून जात का नाही? एक लिटर गोड्या पाण्याचं वजन साधारण 1000 ग्रॅम, तर एक लिटर समुद्राच्या पाण्याचं 1025 ग्रॅम भरतं. त्यात विरघळलेलं मीठ असतं ना! बेटांच्या पोटात हलकं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. फार उपसा केला की मात्र खालचं खारं वर येतं. पारदर्शक पेल्यात खूप मीठ घातलेलं पाणी घ्या आणि चमच्याच्या पाठीवरून त्यावर रंगीत साधं पाणी अगदी हळू सोडा. दोन थर वेगळे दिसतात. घाई केलीत तर फसेल, सांगून ठेवते.

बरं, या मशिदीला मी जहाज म्हटलं ते मनाने नाही. तिचं साल एका शब्दजोडीत लपवलेलं आहे: जहाज-ए-आखिरत, म्हणजे परलोकीचं जहाज. पाण्यावर उभी ना! अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक अंक ठरलेला असतो. जहाज लिहिताना जी अक्षरं येतात त्यांचे अंक 3, 5, 1 आणि 7. आखिरतचे 1, 600, 200 आणि 400. करा बेरीज. 1217 आलं? हे हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेतलं, साल. हिजरी वर्ष चांद्र असतं, आपल्या कॅलेंडरपेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. त्यामुळे 33 हिजरी वर्षांमागे आपलं जवळपास एक वर्ष कमी भरतं. 1217 ला 33 ने भागून आलेले 37 वजा करा, मग 622 मिळवा, कारण हिजरीची मोजणी तिथून सुरू होते. 1802! असलं कोडं आपल्याकडच्या जुन्या पंडितांनाही आवडायचं. ते चंद्र म्हणजे 1, नेत्र म्हणजे 2 असं मानून श्लोकात सालं लपवायचे.

पूर्वी मुंबईत असे तलाव कितीतरी होते. 1860 साली विहार तलावाचं पाणी नळाने येऊ लागलं, तोवर शहराची तहान विहिरी आणि तलावच भागवत. पुढे घरं वाढली, डासांची आणि मलेरियाची भीती वाढली आणि एकेक तलाव बुजत गेला. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक. आता तिथे रस्ते, इमारती, मैदान. पाण्याचा थेंब नाही. डासांवर उपाय मात्र तलाव बुजवण्यापेक्षा सोपाही असू शकतो. मासे डासांच्या अळ्या आवडीने खातात. मशिदीतले मासे नुसते शोभेचे नाहीत, ते काम करतात.

नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात त्याला वजू म्हणतात. इथे पिढ्यान्‌पिढ्या या तलावाचं पाणी वजूसाठी वापरलं गेलंय. म्हणून बघायला जाल तेव्हा ते पाणी खेळायचं नाही हे लक्षात ठेवा. घरातल्या मोठ्यांना बरोबर न्या, शुक्रवारची दुपार टाळा, चपला काढा आणि आत जाण्याआधी दारावर विचारा. माशांना खाऊ टाकायचा तर तेही विचारूनच. आणि तुमच्या गावात किंवा पेठेत नावापुरता उरलेला एखादा तलाव असेल, तर आजी-आजोबांना विचारून आम्हाला जरूर कळवा.