घाटाचा राजा कोण?

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आपल्या नगर जिल्ह्यात आहे आणि सायकलवाल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. कळसूबाई १६४६ मीटर उंच खरी, पण बारी गावातून वर जायचं ते पायी, आणि अवघड जागी लोखंडी शिड्या धरून. सह्याद्रीची ठेवणच अशी, की कोकणाच्या अंगाला कडा तुटलेला आणि अकोले-संगमनेरच्या अंगाला जमीन हळूहळू उतरत गेलेली. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा त्या उतारानेच पूर्वेला नेवाशाकडे निघते. म्हणून सह्याद्रीचा खरा चढ आपल्या बाजूने सुरू होत नाही, तो आपल्या बाजूला येऊन संपतो. घाटघरला कोकणकड्यावर उभं राहून खाली पाहिलं की हे कुणीही न सांगता समजतं. कल्याण-नगर रस्त्याच्या नावात नगर आहे, पण माळशेजचा दम काढणारा चढ पडतो तो कल्याणहून येणाऱ्याच्या वाट्याला. नगरकराच्या वाट्याला उतार आणि ब्रेक!

आपल्याकडे चढ आहेत, पण आखूड. नाशिक-पुणे रस्त्यावरचा चंदनापुरी घाट, संभाजीनगर रस्त्यावरचा इमामपूर घाट, पाथर्डीकडे जाताना लागणारा करंजी घाट, आणि नगरच्या सायकलवाल्यांचा आवडता चांदबिबी महाल. (महाल कसला, सलाबतखानाची कबर आहे ती. पण नगरमध्ये असं म्हणून बघा, कुणी ऐकणार नाही.) शहरापासून साधारण १३ किलोमीटर, आणि शहराच्या पातळीपेक्षा अडीचशे मीटरच्या वर. सकाळी सहाला निघालेला माणूस आठच्या आत घरी येऊन चहा पितो. एवढ्याशा चढावर कुणी डोंगरातला सायकलपटू होतो का, असं वाटणाऱ्यांसाठी डेन्मार्कचं उदाहरण देतो.

डेन्मार्कची सर्वांत उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून १७१ मीटरवर आहे. आपला चांदबिबीचा एकटा चढ त्या अख्ख्या देशाच्या उंचीपेक्षा मोठा भरतो. त्या सपाट देशातला योनास विंगेगॉर हा किडकिडीत पोरगा काही काळ सकाळी मासळीच्या कारखान्यात राबायचा आणि उरलेल्या दिवसात सायकल मारायचा. २०२२ आणि २०२३ साली त्यानेच टूर द फ्रान्स जिंकली, आणि तीही आल्प्स-पिरेनीजच्या घाटांमध्ये. त्याचा प्रतिस्पर्धी स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार. २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ ही चार वर्षं त्याची. म्हणजे सलग सहा वर्षं जगातली सर्वांत मोठी सायकल स्पर्धा या दोघांच्या बाहेर गेलेली नाही.

या दोघांची झुंज घाटातच का ठरते, हे समजायला थोडं गणित लागतं. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्याची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या पाठीला चिकटून चालवलं तर साधारण एक तृतीयांश कष्ट वाचतात. म्हणून सपाटीवर संघ महत्त्वाचा. सात जण आळीपाळीने वारा खातात, आठवा मागे आरामात बसतो. पण रस्ता ९-१० टक्क्यांनी वर उठला की वेग विशीच्या आत येतो, हवेचा अडसर कमी होतो आणि उरतं ते स्वतःचं वजन. ते कुणी दुसऱ्याने वाहून द्यायची सोय नाही. चढावर मोठमोठ्या संघांचे पुढारी एकटे पडलेले दिसतात ते यामुळे.

आपल्या परिचयाचा घाट घेऊ. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर उंची चढावी लागते. ६० किलोचा गडी आणि ८ किलोची सायकल २० मिनिटांत एवढं वर न्यायची, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणावर मात करायला सुमारे ३०५ वॉट लागतात. घरातले चार पंखे सलग २० मिनिटं पायाने फिरवायचे, असा हा उद्योग आहे. रस्त्याचं घर्षण आणि वारा वेगळा. गडी ७० किलोचा असेल तर हाच आकडा ३५० वर जातो. म्हणून या खेळात नुसते वॉट कुणी विचारत नाही, किलोमागे किती वॉट ते विचारतात. हौशी माणूस अर्धा-पाऊण तास किलोमागे अडीच-तीन वॉट काढू शकला तरी चांगला म्हणायचा. टूरमधले अव्वल घाटवीर सहाच्या पुढे जातात. सायकल हलकी करून वजन चोरावं म्हटलं तर तिथेही नियम आहे: आंतरराष्ट्रीय सायकल महासंघ स्पर्धेच्या सायकलीला ६.८ किलोच्या खाली उतरू देत नाही. शेवटी माणसांनी स्वतःचीच हाडं दिसेपर्यंत वजन उतरवलं, आणि ते प्रकरण काही कौतुकाचं नाही.

पण सगळं किलोमागच्या वॉटवर ठरत असतं तर स्पर्धा घ्यायची गरजच नव्हती, प्रयोगशाळेत बक्षीस वाटून टाकलं असतं. १३ जुलै २०२२ चा टप्पा पाहा. शेवट कोल दु ग्रानों या घाटाच्या माथ्यावर, २४१३ मीटरवर. चढ ११.३ किलोमीटर, सरासरी ९.२ टक्के. एकूण आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी पोगाचारच्या अंगावर. त्याआधीच्या गालिबिए घाटापासूनच विंगेगॉर आणि त्याचा संघसोबती प्रिमोझ रोग्लिच यांनी आळीपाळीने उसळ्या मारायला सुरुवात केली. एक सुटला की पोगाचार त्याला गाठायचा. गाठून दम घेतो न घेतो तोच दुसरा सुटायचा. पोगाचारने प्रत्येकाला उत्तर दिलं, वर कॅमेऱ्याकडे बघून हसलादेखील. त्या वेळी तो बलाढ्य दिसत होता. खरं तर तो उसळीमागे उसळी देऊन गाठीचं भांडवल मोडत होता.

ग्रानोंच्या शेवटच्या पाचेक किलोमीटरमध्ये विंगेगॉर पुन्हा निघाला आणि या वेळी मागून कुणी आलं नाही. पोगाचारच्या जर्सीची चेन पोटापर्यंत उघडलेली, खांदे डोलायला लागलेले, पायाची लय गेलेली. माथ्यावर तो २ मिनिटं ५१ सेकंद मागे होता. तीन आठवड्यांच्या स्पर्धेत विंगेगॉर शेवटी २ मिनिटं ४३ सेकंदांनी जिंकला. दोन आकडे शेजारी ठेवले की त्या एका घाटाची किंमत कळते.

दोन वर्षांनी फासे उलटे पडले. २०२४ च्या एप्रिलमध्ये विंगेगॉर स्पर्धेत आपटला, फुफ्फुसाला इजा झाली. तरी जुलैत तो उभा राहिला. पिरेनीजमधल्या प्लातो द बेय या १५.८ किलोमीटरच्या चढावर त्याने आयुष्यातल्या उत्तम चढायांपैकी एक केली. मार्को पांतानीने १९९८ साली तिथे लावलेली वेळही मागे टाकली. आणि हरला. पोगाचार तोच घाट ४० मिनिटांच्या आत चढून ६८ सेकंद आधी पोहोचला होता. पांतानीच्या पिढीवर उत्तेजकांची काळी सावली आहे, त्यामुळे तिचे विक्रम असे मोडले की जुने प्रेक्षक टाळ्याही वाजवतात आणि भुवयाही उंचावतात. मी दोन्ही करतो.

अशा झुंजीत चढाई करणाऱ्याचं एक हत्यार म्हणजे चेहरा. दम लागलाय हे प्रतिस्पर्ध्याला कळलं की संपलं. याचा सर्वांत गाजलेला दाखला १२ जुलै १९६४ चा. जागा फ्रान्समधला प्युई द दोम. हा विझलेला ज्वालामुखी १४६५ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ठेंगणा; पण माथ्यापर्यंत डोंगराला वळसे घालत जाणारा रस्ता आहे आणि शेवटचे काही किलोमीटर अति उभे. जाक आंकतील पिवळ्या जर्सीत, पाचव्या विजेतेपदाच्या तयारीत. रेमों पुलिदोर त्याच्या ५६ सेकंद मागे, चढावर त्याच्यापेक्षा सरस आणि फ्रेंच माणसाचा लाडका.

आंकतीलची स्थिती त्या दिवशी बेताची होती. रीतसर पाहिलं तर त्याने पुलिदोरच्या मागे राहायला हवं होतं. तो त्याच्या बरोबरीने चालवत राहिला, खांद्याला खांदा लावून. एका क्षणी दोघांचे कोपर एकमेकांना घासले. ते छायाचित्र सायकल जगतात आजही सगळ्यांना ठाऊक आहे. पुलिदोरला शेजारी दिसत होता तो तुल्यबळ गडी. हा मागे रेंगाळत नाही, अर्थात याच्यात दम आहे, असा हिशोब त्याने केला आणि निर्णायक उसळी घ्यायला उशीर केला. शेवटी तो सुटला तेव्हा एक किलोमीटरही उरलेला नव्हता. आंकतीलने तेवढ्यात ४२ सेकंद गमावले. पण ५६ मधून ४२ गेले तरी १४ उरतात. पिवळी जर्सी १४ सेकंदांनी वाचली आणि पॅरिसला तो ५५ सेकंदांनी जिंकला. पुलिदोरला आयुष्यात एकदाही पिवळी जर्सी घालायला मिळाली नाही. ती घातली त्याच्या नातवाने, मातियू वान देर पूलने, २०२१ साली.

मला यात पुलिदोरचा दोष वाटतो, सहानुभूती कितीही असली तरी. घाटात समोरच्याचा चेहरा वाचत बसणाऱ्याने आपल्या पायांवर विश्वास ठेवलेला नसतो.

आता घरच्या घाटात येऊ. टूरमध्ये डोंगरांच्या राजाचा किताब १९३३ पासून आहे, त्याची लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ पासून. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाटाचा राजा होता. ही शर्यत अनेक दशकं, अधूनमधून खंड पडत, जुन्या महामार्गावर झाली. रेल्वे, सेनादल, पंजाब, सांगली, पुणे असे कुठकुठले गडी यायचे. बोरघाटात जो पहिला वर चढेल त्याला स्वतंत्र मान. हा रस्ता गव्हर्नर माल्कमने १८३० साली खुला केलेला. त्यावरच्या शिंग्रोबाच्या देवळापाशी ट्रकवालेही नाणं टाकतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, अशी कथा सांगतात. त्या आसपासचा चढ इतका उभा, की देवावर श्रद्धा नसलेल्या सायकलवाल्याचीही मान तिथे आपोआप खाली जाते.

घाटाच्या राजाची गोम अशी, की राजा झाला म्हणजे शर्यत जिंकला असं नाही. लोणावळ्यापासून पुणं साठ-पासष्ट किलोमीटर, आणि तेही उताराचं-सपाटीचं. घाटात एकट्याने मिळवलेली दोन मिनिटं पाठलाग करणारी टोळी वारा वाटून घेत कामशेत-वडगावपर्यंत वसूल करू शकते. म्हणून हुशार गडी माथ्यावर एकटा जायचा नाही. तोडीचा आणखी एखादा सोबत घेऊन जायचा. घाटात ज्याच्याशी भांडला, त्याच्याशीच पुढे वारा वाटून घ्यायचा. अशी दुश्मनी आणि अशी भागीदारी एकाच तासात दुसऱ्या कुठल्या खेळात पाहायला मिळते, मला तरी माहीत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २.२ श्रेणीची, सुमारे ४३७ किलोमीटरची. मुळशी, मावळ, भोर, पुरंदरच्या घाटवाटांतून. परदेशी व्यावसायिक संघ आपल्या रस्त्यांवर आले आणि गावोगावी शाळेची पोरं रांगा लावून उभी राहिली. नगरच्या हद्दीपासून हे सगळं किती जवळ! आणि नगरला सायकलपटू नाहीत असंही नाही. संगमनेरच्या प्रणिता सोमणने माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय सुवर्णपदकं मिळवली, भारताचं प्रतिनिधित्व केलं. माउंटन बाइकची क्रॉस कंट्री शर्यत म्हणजे दगडधोंड्यांच्या वाटेवरचे आखूड, उभे चढ, फेरीमागून फेरी. मागे लपायला जागाच नाही. आखूड चढांच्या जिल्ह्यातून त्यात कुणी पुढे यावं, हे मला अगदी रास्त वाटतं.

म्हणून नगरच्या सायकल मंडळांना एक सुचवणं आहे. मोठी शर्यत नको, पाहुणे नकोत, ढोल नकोत. पावसाळा सरला की एखाद्या रविवारी पहाटे सहा ते आठ चांदबिबी महालाचा रस्ता गाड्यांना बंद ठेवा. पायथ्याशी एक घड्याळ, माथ्यावर एक घड्याळ, एकेकाला मिनिटामिनिटाने सोडा. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीसाठी वेगळा गट ठेवा, मुलींसाठी वेगळा, साठी उलटलेल्यांसाठी वेगळा. वेळा कागदावर लिहून दरवर्षी त्याच जागी लावा. आणि ते होईपर्यंत, चंदनापुरी किंवा इमामपूरच्या चढावर गाडी चालवताना पुढे सायकलवाला दिसला तर हॉर्न न वाजवता दीड मीटर जागा सोडून पुढे जा.