घटाची माती

नवरात्र आले की आमच्या हर्सूलला हरसिद्धी मातेच्या दर्शनासाठी गर्दी लोटते आणि घरोघरी घट बसतात. घटासाठी शेतातून माती आणण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे. गेल्या वर्षी मी नाल्याकाठची माती आणली. आजी म्हणाली, "ती नको रे बाबा, त्या मातीत जीव राहिला नाही." त्या नाल्याला काही वर्षे वरच्या अंगाच्या एका कारखान्याचे रंगीत पाणी येत असे. मी कला शाखेचा विद्यार्थी. आजीचे बोलणे मला भाबडे वाटले. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मित्राला मात्र ते तसे वाटले नाही. त्याने मला 'विकर' ह्या शब्दाची ओळख करून दिली. एन्झाइम ते हेच.

मातीतील जिवाणू, बुरशी आणि पिकांची मुळे ही प्रथिने तयार करतात. रासायनिक क्रिया ती झपाट्याने घडवतात. स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत. शेतात टाकलेल्या युरियापासून अमोनिया तयार करते ते युरिएज. सेंद्रिय पदार्थांत अडकलेले स्फुरद मोकळे करते ते फॉस्फटेज. डिहायड्रोजनेज जिवंत पेशींतच काम करते. म्हणून मातीत किती जीव जागा आहे, हे त्यावरून मोजतात. जेम्स समनर यांनी १९२६ साली युरिएजचे स्फटिक मिळवून विकर हे प्रथिन असल्याचे दाखवले. त्यासाठी १९४६ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

पारा, तांबे, कॅडमियम यांसारखे धातू विकरातील गंधकयुक्त भागाला चिकटतात. कुलपात खडा अडकला की किल्ली फिरत नाही, तसे होते. शिवाय विकरे निर्माण करणारे जीवच मरतात. खाणीत तर सुपीक थर खाली गाडला जातो आणि निर्जीव मुरूम वर येतो. मात्र हे कायमचेच असते असे नाही. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर 'नीरी'च्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यातील प्रेसमड आणि उपयुक्त जिवाणू वापरून झाडे वाढवली.

आपली काळी माती चिकण आणि विम्लधर्मी असल्याने धातू धरून ठेवते. त्यामुळे इजा उशिरा दिसते. पण धातू कुजत नाहीत, साठत जातात.

मी एक साधा प्रयोग केला. नाल्याकाठची, बांधावरची आणि तव्यावर भाजलेली अशी माती तीन बशांत घेऊन त्यांवर औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले. कॅटलेज हे विकर त्यातील प्राणवायू मोकळा करते. बांधाची माती फसफसली, नाल्याकाठची जेमतेम. भाजलेल्या मातीतही थोडे बुडबुडे आले, कारण मातीतील मँगनीजही हेच काम करते. एवढ्यावरून निकाल देता येणार नाही. अवर्षणानेही विकरे मंदावतात. उलट सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थांनी ती कधी वाढतातही. म्हणून धातूंची तपासणी आणि विकरांची तपासणी या दोन्ही जोडीनेच व्हायला हव्यात. पहिली विष किती ते सांगते, दुसरी बाधा किती ते.

नाल्याकाठच्या मातीतही घट उगवला असता, हे मला आता कळते. ते नऊ दिवसांचे रोप दाण्यातल्या शिदोरीवरच वाढते. खरी परीक्षा त्यानंतरची असते. वडिलांनी त्या पट्ट्यात शेणखत घालायला सुरुवात केली आहे, आणि मातीचा नमुना प्रयोगशाळेत नेण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आजीने जे हाताने ओळखले, ते कागदावर आणणे एवढेच आता माझ्या हाती आहे.