बेसिनखालचं कपाट आणि घराचा भाव

नोकरी सुरगाण्यात, पण मुलांच्या शिक्षणासाठी फ्लॅट नाशिकला, म्हसरूळ किंवा पेठ रोडच्या बाजूला, अशी कुटुंबं आता बरीच आहेत. फ्लॅटचा ताबा मिळाला की बाथरूमचा विषय निघतो आणि दुकानदार ठासून सांगतो, ‘व्हॅनिटीच बसवा, उद्या विकताना भाव येतो.’ व्हॅनिटी म्हणजे बेसिन, त्याखालचं कपाट आणि वरचा आरसा असा एकत्र संच. साधं बेसिन, पिलर कॉक आणि बॉटल ट्रॅप यांच्या मानाने त्याला कितीतरी जास्त पैसे पडतात. ते विकताना वसूल होतात का, हे कर्जाचा हप्ता भरणाऱ्याने नीट तपासून घ्यावं.

मला विचाराल तर कपाटामुळे भाव फारसा चढत नाही, पण चुकीच्या कपाटामुळे पडतो मात्र नक्की.

मुद्रांक शुल्क ज्या रेडी रेकनरवर ठरतं, त्यात परिसर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचं वय धरतात. बेसिन कोणतं, याला तिथे रकाना नाही. गृहकर्जासाठी येणारा बँकेचा व्हॅल्युअरही मुख्यतः हेच पाहतो. अमेरिकेत नूतनीकरणाचा खर्च आणि विक्रीत मिळणारी वसुली यांची तुलना करणारा ‘कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू’ अहवाल निघतो. तिथेही मध्यम दर्जाच्या बाथरूमवर केलेला खर्च सहसा पुरता वसूल होत नाही.

खरी घासाघीस होते ती घर दाखवताना. जाणता गिऱ्हाईक सोबत ओळखीचा मिस्त्री आणतो. मिस्त्री आरशाकडे बघतसुद्धा नाही. तो खाली बसतो, कपाटाचं दार उघडतो आणि तळाच्या फळीवर अंगठा दाबतो. पार्टिकल बोर्ड असेल तर फळीच्या कडा दुधात बुडवलेल्या पावासारख्या फुगलेल्या असतात, सनमायका सुटलेला असतो, बिजागरीचे स्क्रू हाताने निघतात आणि आतून कुबट वास येतो. पुढे तो मागची भिंत ठोकून बघतो आणि पलीकडच्या खोलीत रंगाचे पोपडे शोधतो. एका फुगलेल्या फळीवरून ‘पाइप गळतोय, ओल मुरलीय’ असा निष्कर्ष निघतो आणि भाव पाडायला सबळ कारण मिळतं.

ती फळी फुगते, कारण आपलं बाथरूम सगळंच ओलं असतं. बादलीची आंघोळ, फरशीवर धुणं, कोपऱ्यात वॉशिंग मशीन. कॅटलॉगमधल्या व्हॅनिटी बहुतेक कोरड्या फरशीच्या बाथरूमसाठी आखलेल्या असतात. म्हणून पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ घेऊच नये. प्लायवूड घ्यायचं तर आयएस 710 मानकाचं मरीन प्लाय घ्यावं. ते उकळत्या पाण्यात 72 तास ठेवून तपासतात. फळीवरचा आयएसआय शिक्का स्वतः पाहावा, तोंडी हमीवर जाऊ नये. कापलेली प्रत्येक कड, पाइपासाठी पाडलेल्या भोकाची आतली बाजूसुद्धा, बंद करून घ्यावी, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी बोर्ड पाण्याला टिकतो, पण स्क्रू धरायला कमी पडू शकतो, म्हणून त्याची दारं लहान ठेवावीत.

कपाट पायांवर उभं करण्यापेक्षा भिंतीला टांगलेलं बरं. खालून पोछा फिरतो, गळती लगेच दिसते. मात्र हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे खिळे-प्लग धरत नाहीत. ग्रॅनाइटचा कट्टा असेल तर खाली लोखंडी अँगल हवाच. कट्ट्याची उंची 32 ते 34 इंच ठेवावी. बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायटीत काळ्या ग्रॅनाइटवर आणि काळ्या नळावर क्षारांचे पांढरे डाग पडतात. पांढरं बेसिन आणि चकचकीत स्टीलचा नळ पुढच्या मालकालाही सहज चालतो.

शक्य असेल तर व्हॅनिटी बाथरूमच्या आत बसवूच नये. जेवणाच्या जागेशेजारचं, पॅसेजमधलं बेसिन कोरडं राहतं, पाहुण्याच्या नजरेस आधी पडतं आणि कपाटही टिकतं. पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिथे करावेत.

खुद्द सुरगाण्यात हिशोबच वेगळा. सबंध तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शासनाची पूर्वमान्यता लागते. ही तरतूद जमीन हातची जाऊ नये म्हणून आहे आणि ती टिकलीच पाहिजे. इथली बहुतेक घरं राहण्यासाठी बांधतात, पुढच्या गिऱ्हाइकासाठी नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे आणि डोंगराळ भागात त्याला 1 लाख 30 हजारांचं अनुदान ठरलेलं आहे. त्यात व्हॅनिटी बसणार कुठे? आणि ती बसवायची सक्ती तरी कशाला? पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर हंडा घेऊन पायपीट, अशा तालुक्यात कडप्प्याच्या दोन उभ्या फळ्यांवर आडवा कट्टा, त्यात बसवलेलं बेसिन आणि खाली मोकळी जागा हेच उत्तम. कडप्पा फुगत नाही, आणि बेसिनचं पाणी पाइपाने परसातल्या भाजीला सोडता येतं.

नाशिकच्या फ्लॅटवाल्याने मात्र दोन कामं आधी करावीत. टाइल्स लागण्यापूर्वी भिंतीतल्या पाइपांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि वॉटरप्रूफिंगचं बिल जपावं. हे गिऱ्हाइकापुढे ठेवलं की मिस्त्रीचे निम्मे प्रश्न मिटतात. दुसरं, इमारत नवी असेल तर ओल दिसताच घाईने टाइल फोडू नये. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि दुरुस्ती होईपर्यंत कपाटाची ऑर्डर थांबवावी.