पाचारणाची पारख : कोकण किनाऱ्यावरची दोन शतके

अंजनवेलला टाळकेश्वराच्या टेकाडावर उभे राहिले की वाशिष्ठीचे मुख आणि पलीकडचे दाभोळ नजरेत येते. तिथून किनारा उत्तरेला हर्णै-बाणकोटकडे जातो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि अंजनवेलचा गोपाळगड किल्ला ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. पाचच वर्षांत याच किनाऱ्यावर स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसे उतरली. नव्याने जिंकलेल्या पुण्यात धर्मप्रचार सुरू होणे कंपनी सरकारला परवडणारे नव्हते, म्हणून त्यांच्या वाट्याला बाणकोट आणि हर्णै आले.

देवाने आपल्याला एका कामासाठी बोलावले आहे, या जाणिवेला मराठी ख्रिस्ती समाज ‘पाचारण’ म्हणतो. ही जाणीव घरी होते. ती खरी किती, हे मात्र परक्या मुलखात ठरते. आणि ते ठरवतात तिथली माणसे. कोकणचा इतिहास वाचताना माझे हे मत पक्के होत गेले आहे.

सोसायटीतर्फे पहिले आलेले डोनाल्ड मिचेल १८२३ मध्येच वारले. त्यांच्यामागून आलेल्यांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या. पंतोजी बहुधा हिंदूच असत आणि मिशनरी शाळा तपासत फिरत. १८२७ मध्ये आलेले रॉबर्ट नेस्बिट हर्णैला राहिले. त्यांची मराठी इतकी सफाईदार झाली की, पडद्याआडून बोलले तर इथलाच माणूस वाटावा, असे त्यांचे समकालीन सांगत. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनीही मुंबईत काम थाटण्याआधी याच किनाऱ्यावर मराठी गिरवली. मार्गारेटबाईंनी पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. हर्णै-बाणकोटची ठाणी लवकरच मोडली, माणसे पुण्या-मुंबईकडे गेली. पण किनाऱ्यावर कमावलेली भाषा त्यांना जन्मभर पुरली.

भाषा आली म्हणजे माणसे कळली, असे मात्र नाही. इथल्या देवधर्माची हेटाळणी करणारे लिखाण याच मिशनऱ्यांनी केले. हिंदू धर्माची बाजू घेऊन मोरभट दांडेकर या पंडितांनी १८३१ मध्ये विल्सन यांच्याशी मुंबईत जाहीर वाद घातला. ज्या समाजात राहायचे त्याच्या श्रद्धेला तुच्छ लेखणारा मिशनरी कितीही विद्वान असला तरी पाहुणाच राहतो. ऐकणाऱ्याच्या परंपरेचा मान राखण्याचे शहाणपण या वादाच्या दोन शतके आधी गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांनी दाखवले होते. १५७९ मध्ये आलेल्या या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा सांगण्यासाठी पुराणाचा घाट घेतला. १६१६ च्या ख्रिस्तपुराणात जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदावर कान तयार झालेल्या श्रोत्याला ती रचना आपली वाटली.

ख्रिस्ताची गोष्ट इथल्या माणसाला आपली कशी वाटावी, या प्रश्नाला कोकणच्या मातीतून सर्वांत मोठे उत्तर मिळाले ते नारायण वामन टिळकांच्या रूपाने. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी, चित्पावन घरात त्यांचा जन्म झाला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने हाती ठेवलेला नवा करार, मग दीर्घ वाचन आणि पत्रव्यवहार, आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. पाचारण ओळखायला त्यांना वेळ लागला, आणि तो वेळ त्यांनी घेतला, हे मला मोलाचे वाटते. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना त्यांना जाणवले की परदेशी साच्यातला ख्रिस्त मराठी माणसाच्या घरात येणार नाही. म्हणून त्यांनी अभंग आणि कीर्तन जवळ केले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा स्थापन केला. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

खरे जुळवून घेणे पाहायचे तर लक्ष्मीबाईंकडे पाहावे. नवरा ख्रिस्ती झाला, संसार मोडला, आणि काही वर्षांनी त्या परत एकत्र राहू लागल्या तेव्हाही त्यांचे सोवळे शाबूत होते: चूल वेगळी, पाणी वेगळे. कुणी बळजबरी केली नाही. दुसऱ्याच्या हातचे पाणी का चालत नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि जातिभेद माणसाने केलेला आहे, या निष्कर्षावर त्या आपल्या पायांनी आल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी मोकळेपणी लिहिले आहे. समुद्र न ओलांडता, एका माजघरातून दुसऱ्या माजघरात जाताना त्यांनी जे अंतर कापले, ते अनेक मिशनऱ्यांच्या सफरीहून मोठे होते.

आजही ईशान्य भारतातून किंवा केरळातून महाराष्ट्रात सेवेला येणाऱ्या तरुणांना, तसेच इथून बाहेर जाणाऱ्यांना, या माणसांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जाण्याआधी आपल्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे, प्रार्थनेला वेळ द्यावा, घाई करू नये. गेल्यावर आधी भाषा शिकावी, शेजाऱ्याच्या ताटातले खावे, त्याच्या सणाला जावे, त्याच्या श्रद्धेचा मान राखावा. आणि त्याने ‘नको’ म्हटले तर ते उत्तर मनापासून स्वीकारून त्याची सेवा करत राहावे. ज्याला एवढे जमते, त्याचे पाचारण खरे मानायला मला दुसरा पुरावा लागत नाही.