उपकारस्तुतीची संध्याकाळ

मराठी ख्रिस्ती कुटुंबांत एक शब्द नित्याच्या वापरातला आहे: उपकारस्तुती. लाभलेल्या उपकारांबद्दल देवाची स्तुती, एवढाच त्याचा सरळ अर्थ. वाढदिवसाला, दुखणेकरी घरी परतल्यावर, नव्या घरात पाऊल टाकताना उपकारस्तुतीची प्रार्थना होते. अनेक घरांत ती दररोज संध्याकाळीही होते. दिवेलागणीनंतर माणसे एकत्र बसतात, ‘उपासना संगीता’तले एखादे गीत म्हणतात, बायबलमधला एक उतारा वाचतात आणि मग घरातले वडीलधारे माणूस त्या दिवसाबद्दल देवाचे आभार मानते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. परंतु कोल्हापुरात गेली अनेक वर्षे घरोघरी जाऊन रुग्ण पाहताना ही बैठक मी पुष्कळदा उंबरठ्यावर उभा राहून पाहिली आहे. वृद्धांच्या प्रकृतीच्या अंगाने तिच्याविषयी लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

या भागात ही परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. शहरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांचेच नाव सांगते. पुढे १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला रुग्णालय उभारले आणि त्या परिसरात शुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या ख्रिस्ती परिचारिकांच्या कित्येक पिढ्या दक्षिण महाराष्ट्रभर पसरल्या. आज त्यांच्यातील अनेकजणी सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांनी आयुष्यभर इतरांची अंगे पुसली, त्यांना आता दुसऱ्याच्या हातून अंग पुसून घ्यावे लागते. कृतज्ञतेची खरी कसोटी येथे लागते, कारण देण्यापेक्षा घेणे अवघड असते.

कृतज्ञता म्हटले की कित्येकांच्या डोळ्यांपुढे एक गोडगोड, सदा हसरा चेहरा उभा राहतो. लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य पाहिले तर तो समज टिकत नाही. अकराव्या वर्षी लग्न, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पोटची मुले हातची गेलेली. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या नगरला पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये विचारपूर्वक स्वतःही ख्रिस्ती झाल्या. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. या बाईंनी उतारवयात त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पूर्ण केले. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे, की त्यात दारिद्र्य आहे, उपेक्षा आहे, मृत्यू आहेत, आणि तरीही पानापानावर खुदकन हसू येते. दुःख नाकारून आलेले ते हसू नव्हे. दुःख नेमक्या शब्दांत सांगून झाल्यावर उरलेले ते हसू आहे. मला विचाराल तर वृद्ध वाचकांनी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनी हे पुस्तक रोज दोन पाने याप्रमाणे मोठ्याने वाचावे.

आता वैद्यकाकडे वळू. २००३ मध्ये एमन्स आणि मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी स्नायू व मज्जातंतूंचे विकार असलेल्या रुग्णांच्या एका गटाला २१ दिवस, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा गोष्टी रोज लिहून ठेवायला सांगितल्या. ज्यांनी तसे लिहिले त्यांची मनःस्थिती इतरांपेक्षा बरी राहिली आणि झोपही सुधारली. त्यांच्या जोडीदारांनाही हा फरक जाणवला. दुसरा अभ्यास तर कॅथलिक धर्मभगिनींचाच. तरुणपणी मठात दाखल होताना १८० भगिनींनी लिहिलेली छोटी आत्मचरित्रे संशोधकांनी सुमारे साठ वर्षांनी तपासली. ज्यांच्या लिखाणात आनंद, आशा, कृतज्ञता अशा भावना अधिक होत्या, त्या सरासरीने अधिक जगल्या, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून कृतज्ञतेनेच आयुष्य वाढते असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. परंतु जी गोष्ट फुकट आहे आणि जिने अपाय होत नाही, तिच्यासाठी डॉक्टरने एवढा पुरावा पुरेसा मानायला हरकत नसावी.

अपाय होत नाही म्हटले, पण एके ठिकाणी तो होतो, आणि खरे तर त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

शहाहत्तर वर्षांच्या एक निवृत्त परिचारिका. यजमान जाऊन आठ-नऊ महिने झालेले. संध्याकाळची प्रार्थना वर्षानुवर्षे त्याच चालवत. एके दिवशी त्यांनी पुस्तक सुनेच्या हाती दिले आणि म्हणाल्या, “आजपासून तू कर.” घरच्यांना वाटले, आई देवावर रुसल्या. नातेवाइकांनी समजूत घातली, विश्वास ढळू देऊ नका म्हणून सांगितले. बाईंना त्याने अधिकच अपराधी वाटू लागले; ज्या देवाने आयुष्यभर सांभाळले त्याचे आभारही आता तोंडातून निघत नाहीत, म्हणजे आपण नतद्रष्टच, असे त्या मला म्हणाल्या. तपासल्यावर दिसले ते असे: तीन महिन्यांत पाच किलो वजन उतरलेले, पहाटे तीनला जाग, जेवणावरची वासना गेलेली, बोलणे मंद. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले. ते ठीक होते. हे म्हातारपणातले नैराश्य होते. नैराश्यात आनंद आणि कृतज्ञता जाणवण्याची क्षमताच मंदावते. मोतीबिंदूने दिसेनासे झाले तर त्याला आपण अश्रद्धा म्हणत नाही.

कमी मात्रेत औषध सुरू केले. या वयात अशा काही औषधांनी रक्तातील सोडियम उतरू शकते, म्हणून दोन आठवड्यांनी तेही पाहिले. त्यांच्या मंडळीचे पाळकसाहेब समंजस निघाले. त्यांनी बाईंना आभार मानायला सांगितलेच नाही. येऊन शेजारी बसत आणि विलापाची स्तोत्रे वाचत. बायबलच्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आणि आक्रोशाची आहेत, हे मला त्यांच्यामुळे कळले. पौलाच्या एका पत्राचा दाखला देऊन ते म्हणाले, “सर्व परिस्थितीत आभार माना असे तिथे आहे, डॉक्टर. सर्व परिस्थितीबद्दल, असे नाही.” सहाव्या-सातव्या आठवड्यात झोप सुधारली, मग भूक. एका संध्याकाळी बाईंनी पुस्तक आपणहून मागून घेतले आणि सुनेने दुपारी केलेल्या वरणभाताबद्दल आभार मानले. सून स्वयंपाकघरात जाऊन रडली.

म्हणून घरच्यांना सांगतो: रोजची प्रार्थना, पोथी, नमाज, जे काही असेल ते वृद्ध माणसाने अचानक सोडले आणि त्यासोबत दोन आठवडे उदासी, निद्रानाश किंवा भूकमांद्य असेल तर उपदेश करू नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे चालू असेल तर बी-१२ अवश्य तपासून घ्या. “देवा, आता ने मला” हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. कृतार्थ मनाने म्हटलेले आणि निराशेने म्हटलेले असे त्याचे दोन प्रकार आहेत, आणि ओळखण्याचा उपाय एकच, विचारणे. “आजी, जगणे नकोसे वाटते का? स्वतःला काही करून घ्यावेसे वाटते का?” असे विचारल्याने नसते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट मन हलके होते. उत्तर होकारार्थी आले तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

बैठकीचे काही साधे फायदेही नोंदवतो. दिवसातून एकदा सगळे घर वृद्धाकडे तोंड करून बसते. गाण्याने श्वास खोल होतो. स्मृतिभ्रंशात सकाळचे जेवण आठवत नाही, पण लहानपणी पाठ झालेले गीत पुष्कळदा ओठांवर येते. अशा वेळी चुकलेला शब्द दुरुस्त करू नये. वाचताना अडखळत असतील तर मोठ्या टाइपाची प्रत आणावी आणि डोळे तपासावेत. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मात्र मधुमेहींनी गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बदलू नये. साखर एकाएकी उतरली तर भक्ती मदतीला येत नाही.

आणि सेवा करणाऱ्यांविषयी. त्यांच्याकडून आनंदाची अपेक्षा सगळे करतात, सुट्टी कोणी देत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आईची लेक रविवारी उपासनेलाही जाऊ शकत नाही, असे मी पाहिले आहे. मंडळीतील बायका फळे घेऊन भेटीला येतात, प्रार्थना करून जातात. फळे नकोत. त्यांच्यापैकी एकीने रविवारी सकाळी दोन तास आईजवळ बसावे. औषधाच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेल्या असाव्यात, कूस कशी बदलायची ते एकदा दाखवून ठेवावे, आणि लेकीने जावे. उपासनेला जावे किंवा रंकाळ्यावर फिरायला, ते तिचे तिने ठरवावे.