तळघरातली तालीम

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५३ ते १९५६ या काळात जेम्स लॉसन नावाचे एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण शिकवत होते. मेथडिस्ट मिशनतर्फे आले होते आणि मैदानावर मुलांचे खेळही घेत. त्याआधी त्यांनी मायदेशी तुरुंगवास भोगला होता. कोरियन युद्धाच्या काळात त्यांनी सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला आणि धर्मशिक्षणाच्या विद्यार्थ्याला मिळू शकणारी सवलतही मागितली नाही. पुढे नागपुरात असतानाच ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्यांनी अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीयांनी वंशभेदाविरुद्ध पुकारलेल्या बस-बहिष्काराची बातमी वाचली. गांधीमार्ग समजून घ्यायला ते इथवर आले होते आणि तोच मार्ग तिकडे त्यांच्या माणसांनी धरला होता.

आपल्याकडे ही कथा सांगताना गांधींपासून थेट मार्टिन ल्यूथर किंगपर्यंत उडी मारली जाते. मधली माणसं गळतात. ती होती युद्धविरोधी चळवळीतली, संख्येनं थोडी आणि सरकारदरबारी बदनाम. ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ ही त्यांची एक जुनी संघटना. तिच्याच कार्यकर्त्यांच्या पुढाकारानं १९४२ मध्ये शिकागोत ‘काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी’ उभी राहिली. दांडीयात्रेत चाललेले कृष्णलाल श्रीधराणी यांचं ‘वॉर विदाउट व्हायोलन्स’ हे १९३९ चं पुस्तक या मंडळींनी अक्षरशः हस्तपुस्तिकेसारखं वापरलं.

याच गोटातले बेयार्ड रस्टिन. १९४२ मध्ये लुइव्हिलहून नॅशव्हिलला जाताना बसच्या मागच्या बाकावर जायला त्यांनी नकार दिला, तेव्हा पोलिसांनी त्यांना मारहाण केली आणि त्यांनी हात उचलला नाही. सैन्यभरती नाकारल्याबद्दल पुढे त्यांनी दोन वर्षांहून अधिक तुरुंगवास काढला. सुटल्यावर १९४७ मध्ये आठ गोऱ्या आणि आठ कृष्णवर्णीय पुरुषांच्या जथ्यातून ते दक्षिणेतल्या बसमधून मिसळून बसत फिरले. या गुन्ह्याची शिक्षा १९४९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात भोगली ती २२ दिवस रस्त्याच्या कामाला जुंपलेल्या कैद्यांच्या टोळीत. तिथल्या हालांचं त्यांनी वर्तमानपत्रात केलेलं वर्णन बरंच गाजलं. मात्र १९५३ मध्ये समलैंगिक संबंधांवरून अटक होताच याच शांतिप्रेमी संघटनेतून त्यांना बाहेर पडावं लागलं. तेवढी क्षमाशीलता तिच्यात नव्हती.

लॉसन १९५६ मध्ये परतले. पुढच्या फेब्रुवारीत ओबर्लिनला किंग भेटले. वेळ न दवडता दक्षिणेत या, असं त्यांनी सुचवलं. लॉसननी फेलोशिपचे प्रतिनिधी म्हणून नॅशव्हिल गाठलं आणि एका चर्चच्या तळघरात वर्ग भरवले. डायान नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफाएट हे तिथलेच विद्यार्थी. प्रवचनं होत, वाचन होई, पण खरं काम तालमीचं. काही मुलं उपाहारगृहाच्या बाकावर बसल्याचं सोंग घेत, बाकीची गोरे गुंड होत. शिव्या, केस ओढणं, ढकलून पाडणं, सगळं यथासांग. खाली पडल्यावर डोकं कसं झाकायचं, मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवायचा, एकावरच मार पडत असेल तर दुसऱ्यानं मध्ये आपलं अंग कसं घालायचं, हे पुन्हा पुन्हा घोटवून घेतलं जाई. ज्याला आपला राग आवरणार नाही असं वाटे, त्यानं बाकावर न बसता दुसरं काम घ्यावं. अहिंसेला स्वभावाची देणगी मानणाऱ्यांनी हे तळघर आठवावं. कुस्तीसारखा तिथे डाव शिकवला जात होता.

१३ फेब्रुवारी १९६० ला शंभराहून अधिक विद्यार्थी दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहांच्या बाकांवर जाऊन बसले. २७ तारखेला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना झोडपलं. पोलीस आधी बाजूला राहिले, मग आले ते मार खाणाऱ्यांनाच धरायला. सुमारे ८० जणांना अटक झाली. दंड भरण्याऐवजी अनेकांनी तुरुंग पत्करला. लॉसन जिथे शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं मार्चमध्ये त्यांना काढून टाकलं. पण १० मे रोजी सहा दुकानांनी कृष्णवर्णीयांना बाकावर वाढायला सुरुवात केली.

या सगळ्या मुलांची अहिंसेवर लॉसनइतकी श्रद्धा होती, असं नाही. अनेकांना ती कामाची युक्ती वाटे, एवढंच. शांतिवाद्यांनी तेवढ्यावर भागवून घेतलं, यातच त्यांचा शहाणपणा दिसतो.

तालीम नसली की काय होतं, ते मेम्फिसनं दाखवलं. तिथे १९६८ मध्ये सुमारे १३०० सफाई कामगार संपावर गेले. २३ फेब्रुवारीला पोलिसांनी मोर्चावर डोळे जाळणारा ‘मेस’चा फवारा मारला, त्यात पाद्रीही सापडले. संपाच्या रणनीती समितीचे अध्यक्ष लॉसन होते, त्यांनीच किंगना बोलावलं. पण २८ मार्चच्या मोर्चात काही तरुणांनी काचा फोडल्या. लॉसननी मोर्चा माघारी वळवला, तरी पोलीस लाठ्या आणि अश्रुधूर घेऊन तुटून पडले आणि त्या दिवशी १६ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा पोलिसाच्या गोळीनं मेला. आठवडाभरानं, ४ एप्रिलला, त्याच शहरात किंग यांची हत्या झाली. ८ एप्रिलला हजारो लोक मूकपणे चालले. आखणीत बेयार्ड रस्टिन होते, जागोजागी स्वयंसेवक नेमले होते आणि मोर्चा शांततेत पार पडला. १६ एप्रिलला नगरपालिकेनं कामगारांची युनियन मान्य केली.